सव्वीस मणी

आमच्या घरात मोजल्याशिवाय काही हलायचं नाही. मेथीच्या जुड्या, वांग्यांच्या पाट्या, चुलीवरून उतरणाऱ्या भाकरी, सगळ्याला आकडा होता आणि तो आईच्या तोंडात असायचा. पहाटे मळ्यातून ओली मेथी आली की ओट्यावर तिचा ढीग पडायचा आणि आई, मी आणि शेवंतामावशी अशा तिघी त्याच्याभोवती बसून जुड्या बांधायचो. मूठभर मेथी घ्यायची, मुळं एका रेषेत यावीत म्हणून दोनदा जमिनीवर ठोकायची, अंबाडीच्या सुताचे दोन वेढे मारायचे आणि बाजूला टाकताना आकडा म्हणायचा. तिघींचे तीन आकडे एकाच वेळी चालायचे आणि तरी एकीचाही चुकायचा नाही. लांब मळ्यात विहिरीवरचं इंजिन डुगडुगत असायचं. ते बंद पडलं की बाबा त्याला शिव्या घालत घरी येणार हे ठरलेलं, म्हणून एक कान तिकडेही असायचा. उजाडल्यावर बाबा माल घेऊन धामणगावच्या बाजारात जायचे आणि मग चूल पेटायची. विस्तवात भाजलेलं वांगं, खलबत्त्यात कुटलेली हिरवी मिरची आणि लसूण, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची काळसर भाकर. शहरात कळण्याचं पीठ आता पिशवीत मिळतं. मी आणते, थापते, आणि एकदाही ती भाकर होत नाही. हाताला मेथीचा कडवट वास दिवसभर राहायचा. शाळेत मला त्या वासाची लाज वाटायची. लाज कशाची वाटायला हवी हे कळायला अजून थोडा अवकाश होता.

एका गोष्टीला मात्र आमच्या घरात आकडा नव्हता. ती आईची सोन्याची पोत. रोजची गळ्यातली काळ्या मण्यांची साधी पोत वेगळी. ही सणावाराची, लग्नकार्याची, तिच्या वडिलांनी घातलेली. दोन वाट्या, आणि काळ्या मण्यांच्या मधे मधे सोन्याचे मणी. ज्वारीच्या कोठीत एक पत्र्याचा डबा होता, त्या डब्यात फडक्यात गुंडाळून ती ठेवलेली असे. पोत दोन तोळ्यांची आहे हे सगळ्या भावकीला पाठ होतं. पण मणी किती आहेत हे खुद्द आईला ठाऊक नव्हतं. पोतीचे मणी मोजू नयेत, मोजले तर नवऱ्याचं आयुष्य मोजल्यासारखं होतं, असं तिच्या सासूनं तिला लग्नातच सांगितलेलं. लहानपणी मी एकदा बोट लावून "एक, दोन" सुरू केलं तर फाडकन हातावर बसली. "बापाच्या जिवावर उठली का वं?" म्हणाली. जी बाई मेथीची एक जुडी कमी भरली तर परत ढीग उपसायला लावायची, ती या एका बाबतीत डोळे मिटून चालायची.

शेवंतामावशी आमच्या मळ्यात माझ्या जन्माच्या आधीपासून कामाला होती. बौद्धवाड्यात राहायची. निंदण-खुरपण तर ती करायचीच, पण तिचं नाव होतं पोत ओवण्यासाठी. गावात कोणाचीही पोत वाढली, म्हणजे दोरा तुटला, की मणी शेवंताकडे जायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, त्याला मेण लावून ती असे मणी ओवायची की दोन मण्यांमधून केस जाणार नाही. तिची मुलगी करुणा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. करुणा आमच्याकडे आली की ओट्यावर बसायची. तिला पाणी प्यायला वेगळा पेला होता, कोनाड्यात पालथा घातलेला. मला त्यात काही वावगं वाटत नसे. आज हे लिहिताना वाटतं, हे प्रकरण मेथीपासून नाही, त्या पेल्यापासून सुरू करायला हवं होतं.

नववीत आम्हाला विज्ञानाला इंगळे सर होते. अणूची रचना शिकवायला ते वर्गात आले ते नुसता खडू घेऊन. "हा खडू," ते म्हणाले, "हा फळा, तुम्ही, मी, अन् भायेर रवंथ करून राह्यलेली ती म्हैस, सगळे एकाच मालाचे. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. चौथा माल देवाच्या दुकानात नाही." मागून कोणीतरी विचारलं, मग सर म्हैस म्हैस काऊन? वर्ग हसला. सरही हसले. "म्हशीची जुळणी फार मोठी आहे बाप्पा, ते पुढं शिकाल. पण लोखंड लोखंड काऊन अन् सोनं सोनं काऊन, ते आज सांगतो." फळ्यावर त्यांनी एक गोळा काढला. हे केंद्रक. यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले. प्रोटॉनवर धन प्रभार, न्यूट्रॉनवर काहीच नाही. इलेक्ट्रॉन बाहेर फिरणारे. "अन् हा कोनता पदार्थ आहे हे ठरते कशावर? प्रोटॉन किती आहेत त्यावर. एकोणऐंशी असले तं सोनं. एक जरी कमी-जास्त झाला तं ते सोनं नाही. मोजल्याबिगर ओळख नाही, हे ध्यानात ठेवा." पुढं मी स्वतः हा धडा पस्तीस वर्षं शिकवला आणि मला याहून चांगला कधी शिकवता आला नाही. आता पुस्तकात प्रोटॉनच्या आतलेही बारके कण आले आहेत. पण ते "मोजल्याबिगर ओळख नाही" तसंच उभं आहे.

सरांनी प्रदर्शनासाठी अणूची प्रतिकृती करायला सांगितली, आणि तीही घरातल्याच वस्तूंची. मी आणि करुणा जोडीनं कामाला लागलो. आधी आम्ही तुरीचे लाल दाणे प्रोटॉन धरले, पांढरी चवळी न्यूट्रॉन धरली आणि भाताच्या खळीत त्यांचा गोळा केला. ओलं फडकं गुंडाळून ठेवला. तिसऱ्या दिवशी उघडून बघतो तर केंद्रकाला मोड आलेले. करुणा हसून हसून लोळली. मला मात्र राग आला. मला प्रदर्शनात पहिला नंबर हवा होता आणि माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाबांची भाकर घेऊन मळ्यात गेली आणि मी कोठीत खांद्यापर्यंत हात घातला.

"नको वं सुमे," करुणा म्हणाली. "तुही माय जीव घेईन." पण तिचेही डोळे पोतीवरून हलत नव्हते. सोन्याचे मणी प्रोटॉन, काळे न्यूट्रॉन. इतकं साफ उदाहरण कोणत्या पुस्तकात नव्हतं. आम्ही पोत फडक्यावर गोल मांडली आणि मी सोन्याचे मणी मोजले. सव्वीस. करुणा म्हणाली, पुन्हा मोज. तिचा स्वभावच तो, आईच्या वळणावर गेलेला. मग तिनं मोजले, उलट्या बाजूनं. सव्वीसच. तिनं पुस्तकातला तक्ता उघडला, बोट फिरवत गेली आणि एकदम ओरडली, "सव्वीस म्हंजे लोह! तुह्या मायची पोत लोखंडाची निघाली वं!" आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसलो. ज्या गोष्टीनं बाबांचं आयुष्य कमी होणार होतं ती आम्ही दोनदा केली होती. बाबा त्यानंतर खूप वर्षं जगले, हेही इथंच सांगून टाकते.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली. "सोना-चांदी पॉलिश! पितल-तांबा चमका लो!" एक माणूस, खांद्याला पिशवी, स्वच्छ पांढरा सदरा. ओट्यावरचा आमचा काळवंडलेला तांब्या त्यानं न विचारता उचलला, पावडर लावून चोळला आणि आरशासारखा करून ठेवला. फुकट. मग त्याची नजर माझ्या हातातल्या फडक्याकडं गेली. आता सांगायला लाज वाटते, पण मला त्यानं फसवलं नाही, माझी मीच फसले. तो नुसता म्हणाला, "बेटी, सोना भी मैला हो गया है." मी त्याला शिकवायला लागले. सोनं मळत नसतं म्हणाले. सोन्यात एकोणऐंशी प्रोटॉन असतात, ते कशानं कमी होत नाहीत, तुमच्या पाण्यानं त्याला काय होणार? तो मान डोलावत ऐकत राहिला. "बराबर बोली. पढी-लिखी लडकी है. जो कम हो ही नहीं सकता, उसका डर कैसा?" करुणानं माझा परकर मागून ओढला. "देऊ नको वं." मी तिचा हात झटकला आणि पोत त्याच्या हातात दिली.

त्यानं चिनीमातीच्या वाटीत बाटलीतलं पाणी ओतलं आणि पोत त्यात सोडली. नाकाला झोंबणारा वास आला. पाणी हळूहळू पिवळं झालं. "मैल निकल रहा है," तो म्हणाला. मग पोत बाहेर काढून धुतली, हळदीत घोळली, पुसली. काय झळकत होती! वाटीतलं पिवळं पाणी त्यानं थेंब न सांडता परत बाटलीत भरलं, घट्ट बूच लावलं, मोबदला म्हणून मेथीची एक जुडी उचलली आणि गेला. तो दिसेनासा झाल्यावर करुणा म्हणाली, "मळाचं पानी कोनी परत बाटलीत भरते का वं?" मी म्हणाले, "तुले काय समजते?" हे वाक्य मी तिला त्या दिवशी म्हटलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती हे मला तेव्हाही माहीत होतं.

महिनाभरानं नात्यात लग्न निघालं. आईनं डबा काढला, पोत गळ्यात घालायला उचलली आणि दोरा तिच्या हातातच भुगा होऊन विरला. मणी घरभर. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "पोत वाढली," एवढंच पुटपुटली आणि देवापुढं जाऊन बाबांच्या नावानं हात जोडून आली. मग आम्ही दोघींनी जमीन झाडून, पलंगाखाली हात घालून सगळे मणी ताटात गोळा केले. शेवंतामावशीला बोलावलं. ती ओट्यावर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "बाई, मोजून द्या."

"मोजत नाही वं पोतीचे," आई म्हणाली.

"मी मोजल्याबिगर कोनाचे घेत नाही. तुमच्यासाठी नाही म्हनत, माह्यासाठी म्हनते."

"माहा भरोसा हाये ना तुह्यावर. ओव."

 मावशीनं अंगठ्याला दोरा अडकवला. तासाभरात पोत आईच्या गळ्यात होती आणि लग्नात चार बायकांनी विचारलं, नवी केली का?

गोष्ट फुटली ती सोनाराकडे. एका वाटीची कडी सैल झाली होती म्हणून आई पोत घेऊन त्याच्या दुकानात गेली, मी सोबत. त्यानं दोरा सोडला, सोनं तराजूत टाकलं, पुन्हा टाकलं. "बाई, दोन तोळे म्हनता, पावणेदोनच भरून राह्यलं." आई म्हणाली, नीट पाहा. त्यानं नीट पाहिलं. "जुनं सोनं झिजते, पण इतकं नाही झिजत. मणी तं नाही ना गहाळ झाले?" आणि माझ्यासमोर, एकेक बाजूला सारत, त्यानं मोठ्यानं मोजलं. मी मनात त्याच्याबरोबर मोजत होते. सव्वीसवर तो थांबला. "सव्वीस हायेत. होते किती?"

आई म्हणाली, "मोजले नाही कधी."

त्या क्षणी त्या दुकानात एकच जीव असा होता की ज्याला उत्तर ठाऊक होतं. सव्वीस होते, सव्वीसच आहेत. एकही मणी गेलेला नाही. मग सोनं कुठं गेलं, हे मला अजून नक्की कळत नव्हतं, पण वाटीतलं पिवळं पाणी डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी इंगळे सरांना गाठून विचारलं, सर, सोनं पाण्यात विरघळते का? "पाण्यात नाही," सर म्हणाले. "साध्या आम्लातही नाही. पण दोन आम्लं मिळून अम्लराज होते, त्यात विरघळते. काऊन वं?" मी म्हणाले, उगाच. "मंग सर, ते सोनं संपते का?" सर खूश झाले, प्रश्न चांगला होता म्हणून. "अणू कसा संपीन पोरी? एकोणऐंशीचे एकोणऐंशी तसेच राह्यते. फक्त मण्यातून निघून पाण्यात जाते. ज्याच्याजवळ पाणी, त्याचं सोनं." मला बाटलीचं घट्ट लावलेलं बूच आठवलं. मी पॉलिशवाल्याला जे शिकवलं होतं ते सगळं बरोबर होतं आणि त्याला ते माझ्याआधीच माहीत होतं.

आई शेवंतामावशीला तोंडावर काही बोलली नाही. तिनं फक्त तिला मेथीला बोलावणं बंद केलं. हापशीवर कोणी विचारलं तर "मणी तिच्याच मांडीवर होते ना" एवढं म्हणायची, आणि उरलेलं गाव म्हणायचं. आठ दिवसांत कोणी तिच्याकडे पोत ओवायला देईना. माझी आई वाईट बाई नव्हती असं लिहायला हात शिवशिवतो, पण ज्या सहजपणानं तिचा संशय त्या एकाच घराकडं वळला, तो सहजपणा पाहिला की हे वाक्य पुरं होत नाही. सोनाराबद्दल तिला शंका आली नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांबद्दल आली नाही. आणि मी? मी तीन वेळा तोंड उघडलं. एकदा आई पीठ मळत होती. "आई," मी म्हणाले. "काय वं?" "काही नाही. भाजीत मीठ कमी हाये." मार मिळाला असता. मणी मोजले म्हणून मिळाला असता, पोत परक्या माणसाच्या हाती दिली म्हणून मिळाला असता, बहुतेक शाळाही सुटली असती. यापलीकडं काही झालं नसतं. त्या भीतीचं वजन मी तेव्हा फार मोठं धरलं.

मग एके सकाळी मावशी स्वतःच आली. करुणा मागं उभी. आम्ही जुड्या बांधत होतो, बाबाही घरी होते. मावशी ओट्याखालीच थांबली.

"बाई, गाव काय म्हनून राह्यलं ते तुमच्या कानावर हाये. तुमच्या तोंडून आयकाले आली."

आई मेथीवरच बघत राहिली. "मी नाव नाही घेतलं कोनाचं."

"नाव घ्या लागत नाही, बाई. मी म्हनलं होतं, मोजून द्या. तुम्ही मोजले असते तं आज तुमचंही सोनं कळलं असतं अन् माही इज्जतही राह्यली असती."

बाबा म्हणाले, "मारोतीवर हात ठेवून सांग, विषय मिटला."

"दादा, मी त्या देवावर हात ठेवला तं तुम्ही तरी खरं मानसान का? माहा शबूद घ्या. नाही तं राहू द्या."

आणि मग ती माझ्याकडं वळली. आवाज एकदम मऊ. "सुमन, तू अन् करुणा तं दिवसभर संगं असता. तुले काही ठावं हाये का वं बाई?"

मला वाटलं ती सहज विचारतेय. करुणा माझ्याकडं बघत होती. ती रागावलेली नव्हती. मोड आलेलं केंद्रक उघडताना जशी बघत होती तशीच, आता काय निघतं, अशी. माझ्या हातात बांधायची राहिलेली जुडी होती. मी म्हणाले, "मले काय माहीत?"

मावशीनं मान हलवली. तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत सोन्याचे दोनच मणी होते. तिनं तिथल्या तिथं दातानं दोरा तोडला, ते दोन मणी काढले आणि माझ्या जुड्यांच्या ढिगाशेजारी ओट्याच्या फरशीवर ठेवले. "चोरले म्हनून देऊन नाही राह्यली. माह्या हातून तुमचं कमी झालं असं ज्याले म्हनायचं त्याचं तोंड बंद व्हावं म्हनून देते. आजपासून मी कोनाचीच पोत ओवणार नाही." बाबा म्हणाले, राहू दे, घेऊन जा. ती गेली होती. मणी दुपारपर्यंत तिथंच पडून होते. मग आईनं ते उचलले आणि स्वतःच्या हातानं, वेडेवाकडे, पोतीत ओवले. सव्वीसाचे अठ्ठावीस झाले. तक्त्यात मी चोरून पाहिलं: अठ्ठावीस म्हणजे निकेल. दोन वाढले आणि लोखंडाचं नावच बदललं होतं.

करुणा त्या महिन्यातच शाळेतून गेली. त्या दोघी मेहकरला करुणाच्या मामाकडं गेल्याचं कळलं. प्रदर्शनात मी तुरी आणि चवळीचाच अणू मांडला, या वेळी खळ कडक वाळवून. पाहुण्यांनी विचारलं, हा कशाचा? मी छाती काढून म्हणाले, लोहाचा. केंद्रकात सव्वीस प्रोटॉन, तीस न्यूट्रॉन. सव्वीस हा आकडा मी त्या दिवशी वीसेक वेळा तरी मोठ्यानं बोलले असेन. सगळ्यांसमोर, न अडखळता. पहिला नंबर आला.

पुढं मी शिकले, बुलढाण्याला नोकरी लागली, विज्ञानाची शिक्षिका म्हणून नाव झालं. गप्प राहिले, कोणाची बाजू घेतली नाही, म्हणजे मी काही केलं नाही, अशी समजूत मी बरीच वर्षं घालून घेतली होती. पण दरवर्षी तो धडा यायचा आणि मलाच मुलांना सांगावं लागायचं की न्यूट्रॉनवर प्रभार नसतो, पण वजन असतंच. करुणा नर्स झाली आहे, याच शहरात आहे, हे मला कधीच कळलं होतं. एकदा भाजीबाजारात ती समोरून येताना दिसली आणि मी वळून कांदे निवडत बसले, घरात कांदे असताना.

आई गेल्यावर पोत माझ्याकडं आली. हातात घेतली आणि शेवंतामावशीचे दोन मणी मला लगेच ओळखता आले. बाकीचे सव्वीस आतून खाल्ल्यासारखे हलके, झिजलेले. तेवढे दोनच भरदार होते.

मागच्या दिवाळीनंतर मी करुणाच्या घरी गेले. दुपारची वेळ, दार उघडंच, सून भाजी निवडत बसलेली. करुणानं मला लगेच ओळखलं. पाणी दिलं, घरातल्या इतर पेल्यांसारख्याच पेल्यात. मावशी जाऊन बारा वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं. मणी, पॉलिश, अम्लराज, सोनार. इतकी वर्षं मनात घोकलेलं होतं, त्यामुळं भरभर सांगून झालं. 

"मले काय सांगून राह्यली?" करुणा म्हणाली. "मी होतीच ना तिथं. अन् मायलेही मी, गाव बोलाले लागलं त्याच दिवशी सांगतलं होतं. सव्वीस होते म्हनून, पॉलिशवाला आलता म्हनून, सगळं."

मी म्हणाले, "म्हणजे ओट्याशी आल्या तेव्हा त्यांना..."

"सगळं माहीत होतं. मी म्हनत होती, माय, मी सांगते समद्यांसमोर. ती म्हने, तुहं कोन आयकीन? अन् त्या पोट्टीले त्याच घरात राहाचं हाये, तिची चामडी लोळवतीन. तिले मी विचारते. तिनं सोताहून सांगतलं तं सांगू दे." करुणा माझ्याकडं वळली. "तिनं तुले विचारलं होतं सुमन, आठवते का?"

आठवतं. त्या मऊ आवाजाला मी इतकी वर्षं साधा प्रश्न समजत आले होते.

मी पिशवीतून पोत काढली, मी येतानाच दोरा सोडवून त्यातले ते दोन मणी वेगळे केले होते. ते तळहातावर ठेवून हात पुढं केला. करुणानं घेतले नाहीत. तिनं सुनेला हाक मारली, भाजी राहू दे, इकडं ये म्हणाली. शेजारची एक बाई पीठ मागायला आली होती, तिलाही बसवलं. मग ताट आणून माझ्यासमोर ठेवलं.

"मोज," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी पोतीतले सोन्याचे मणी ताटात ओतले. एक. दोन. तीन. आवाज फुटत नव्हता तर ती म्हणाली, आयकू येत नाही. वर्गात पस्तीस वर्षं चढलेला माझा आवाज, दहाच्या पुढं जाईना. शेजारीण बाई काही न कळून एकदा माझ्याकडं, एकदा ताटाकडं बघत होती. पंधराला मला रडू आलं, करुणा थांबली, मी पुन्हा सुरू केलं. चोवीस. पंचवीस. सव्वीस. ताट संपलं.

"सव्वीसच होते," मी त्या बायांना सांगितलं. "तेव्हाही सव्वीसच होते. शेवंतामावशीनं एकही मणी घेतला नाही. मला माहीत होतं."

मग करुणानं माझ्या तळहातावरचे दोन मणी उचलले, मुठीत धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"एवढाच येळ लागला असता," ती म्हणाली.